रौप्यढालींचे सामान कोठे गेले?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत प्राचीन काळावर बेतलेल्या व्यूहात्मक संगणकीय खेळांविषयी आलेला लेख आवडीने वाचला. अशा विषयाला वृत्तपत्रात जागा मिळाली याचेच मला विशेष वाटले, कारण एरवी या खेळांचा उल्लेख होतो तो मुलांच्या डोळ्यांच्या आणि बुडालेल्या अभ्यासाच्या तक्रारीतच. लेखकाने ‘रोम: टोटल वॉर’ या २००४ साली आलेल्या खेळातील सेल्युसिड सत्तेचे, म्हणजे अलेक्झांडरचा सरदार सेल्युकस याच्या घराण्याच्या राज्याचे, ‘सिल्व्हर शील्ड’ हे निवडक जड पायदळ उदाहरणादाखल घेतले असून, हे युनिट लढवताना अलेक्झांडरच्या कसलेल्या सैनिकांची अढळ स्वामिनिष्ठा जवळून अनुभवता येते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हा खेळ मी अनेक वर्षे खेळत आलो आहे आणि हे युनिट माझेही आवडते आहे. परंतु स्वामिनिष्ठेचा दाखला म्हणून इतिहासातली कोणती तुकडी मुळीच घेऊ नये, असे मला कोणी विचारले, तर पहिले नाव मी याच तुकडीचे सांगेन.

आधी खेळाविषयी. त्यात या नावाची दोन युनिटे आहेत. एक लांब भाल्यांचे, म्हणजे ‘सिल्व्हर शील्ड पाइकमेन’, आणि दुसरे रोमन धाटणीचे ‘सिल्व्हर शील्ड लीजनरी’. पाइकमेनना फॅलँक्सचा, म्हणजे लांब भाल्यांच्या दाट रांगांच्या रचनेचा, हुकूम दिला की भाल्यांच्या रांगा एकीपुढे एक आडव्या होतात, चाल मंदावते, आणि समोरून येणारे जवळजवळ काहीही, अगदी दौडत आलेले घोडदळसुद्धा, त्या काट्यांच्या कुंपणावर फुटते. बगल मात्र उघडी राहते, आणि बगलेवर दुसरे पायदळ ठेवायला विसरलेला खेळाडू हा धडा एकाच लढाईत शिकतो. हा भाग खेळाने झकास साधला आहे. फॅलँक्स म्हणजे काय आणि ती कोठे मोडते हे चार पानांच्या वर्णनापेक्षा दहा मिनिटांच्या लढाईत अधिक कळते, हे लेखकाचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

दोन दुरुस्त्या मात्र नोंदवायला हव्यात. खेळातील मोहीम इ. स. पू. २७० मध्ये सुरू होते. अलेक्झांडरच्या मूळ रौप्यढाली (‘सिल्व्हर शील्ड’चा अर्थ तोच) तुकडीचा निकाल त्याच्या सुमारे पंचेचाळीस वर्षे आधीच लागला होता. सेल्युसिड राजांनी पुढे ते नाव उचलले आणि आपल्या राजरक्षक पायदळाला दिले. इ. स. पू. २१७ मधील राफियाच्या लढाईत तिसऱ्या अँटायोकसकडे राज्यभरातून निवडलेले, मॅसिडोनियन पद्धतीने शस्त्रसज्ज असे १०,००० सैनिक होते आणि त्यांतल्या बहुतेकांच्या ढाली चंदेरी होत्या. तेव्हा पडद्यावर आपण जे लढवतो ते अलेक्झांडरचे सोबती नव्हेत, त्यांच्या नावाचा वारसा सांगणारे नंतरचे सैन्य आहे. दुसरी गोष्ट लीजनरींची. इ. स. पू. १६६ च्या सुमारास चौथ्या अँटायोकसने अँटिऑकजवळच्या डाफ्ने येथे भव्य संचलन केले, त्याच्या अग्रभागी रोमन पद्धतीचे कडीदार चिलखत घातलेले ५,००० तरुण होते. त्याच संचलनात चंदेरी ढालींचे सैनिकही होते, पण मॅसिडोनियन पद्धतीच्या पायदळात, निराळ्या जागी. खेळाने या दोघांची मोट बांधून एक देखणे युनिट तयार केले आहे. खेळ म्हणून ते चालून जाते. लेखकाने त्याला ‘ऐतिहासिक’ म्हटले नसते तर मीही गप्प बसलो असतो.

आता मूळ तुकडीकडे येतो, कारण लेखकाचा रोख तिच्यावरच आहे. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे सैनिक म्हणजे अलेक्झांडरचे हायपास्पिस्ट, अर्थात ढालवाहक. संख्येने सुमारे ३,०००, प्रत्येकी हजाराच्या पथकांत विभागलेले. फॅलँक्स आणि घोडदळ यांच्यामधली फट सांभाळणे, तटावर चढणे, डोंगरात रात्रीची चाल करणे, ही अवघड कामे नेहमी यांच्याच वाट्याला येत. भारताच्या मोहिमेवर निघताना अलेक्झांडरने सैन्याच्या ढालींवर चांदी चढवली, असे रोमन लेखक सांगतात, आणि त्यावरून या तुकडीला रौप्यढाली हे नाव पडले. झेलमच्या काठी पोरसशी लढलेले आणि पुढे बियासच्या काठी ‘आता पुरे’ म्हणून थांबलेल्या सैन्यातले हेच लोक. म्हणजे स्वतः अलेक्झांडरला नकार देण्याची सवय या सैन्याला तेव्हाच लागली होती.

अलेक्झांडर इ. स. पू. ३२३ मध्ये वारला आणि त्याचे सरदार एकमेकांच्या उरावर बसले. कारभारी पर्डिकस इजिप्तवर चालून गेला, नाईल ओलांडताना त्याची माणसे प्रवाहात बुडाली, काहींना मगरींनी खाल्ले, आणि संतापलेल्या अधिकाऱ्यांनी त्याला त्याच्याच तंबूत ठार केले. मारेकऱ्यांत रौप्यढालींचा नायक अँटिजेनीस होता. त्यानंतर ट्रिपॅराडिसस येथे सरदारांनी साम्राज्याची वाटणी केली, तेव्हा बंडाला सर्वांत आधी उठणाऱ्या ३,००० मॅसिडोनियनांना अँटिजेनीसच्या हाताखाली देऊन सुसाचा खजिना आणण्याच्या कामावर धाडण्यात आले. काम महत्त्वाचे होते हे खरे, परंतु त्यांना नजरेआड करण्याची सोयही त्यात साधली होती.

इ. स. पू. ३१८ मध्ये अलेक्झांडरच्या वारस राजांच्या नावाने हुकूम आला की या तुकडीने युमेनीसच्या आज्ञेत राहावे. युमेनीस हा कार्डियाचा ग्रीक, अलेक्झांडरचा चिटणीस. ज्याने आयुष्यभर दप्तर सांभाळले आणि जो मॅसिडोनियनही नाही, अशा माणसाच्या तंबूपुढे हुकमासाठी उभे राहणे अँटिजेनीस आणि त्याचा जोडीदार ट्युटॅमस यांना पटेना. हे दोघे आपल्या तंबूत येणार नाहीत हे युमेनीसलाही आधीच ठाऊक होते. त्याने तोडगा काढला. अलेक्झांडर स्वप्नात आला असे सांगून त्याने एक शाही तंबू उभारवला, आत रिकामे सिंहासन ठेवले, त्यावर राजचिन्हे मांडली, आणि सर्वांनी तेथे जमून मेलेल्या राजाच्या साक्षीने मसलत करावी अशी प्रथा पाडली. मला हा प्रसंग त्या साऱ्या काळातला सर्वांत बोलका वाटतो. ज्या तुकडीला हुकूम देण्यासाठी सेनापतीला रिकाम्या खुर्चीची मदत घ्यावी लागते, ती तुकडी माउसच्या एका टिचकीसरशी चालू लागते हे पाहताना इतिहास जाणणाऱ्याला हसू आवरत नाही.

शत्रूही स्वस्थ नव्हता. युमेनीसविरुद्ध लढणारा मॅसिडोनियन सरदार अँटिगोनस याने या सैनिकांना फोडण्यासाठी मोठमोठ्या आश्वासनांचे निरोप धाडले. तेव्हा युमेनीसने त्यांना एक गोष्ट सांगितली. एक सिंह एका मुलीच्या प्रेमात पडतो; मुलीचा बाप म्हणतो, तुझ्या नखांची आणि दातांची भीती वाटते; सिंह ती स्वतः उपटून टाकतो, आणि मग बाप त्याला सोट्याने सहज मारून टाकतो. सैनिकांनी गोष्ट ऐकली, वाहवा केली आणि त्या वेळेपुरते ते त्याच्याकडे राहिले.

इ. स. पू. ३१७ मधील पॅराइटासीनच्या लढाईत या तुकडीने काय केले ते आकड्यांतच पाहावे. ग्रीक इतिहासकार डायोडोरस देतो त्या हिशोबाप्रमाणे अँटिगोनसचे ३,७०० पायदळ पडले, युमेनीसचे ५४०. याच लढाईत युमेनीसच्या बाजूने लढणारा केटेयस नावाचा एक भारतीय सेनानी पडला, त्याच्या दोन्ही बायका छावणीत होत्या, आणि सती कोणी जायचे यावरून त्या दोघींत वाद झाला. थोरली गरोदर असल्याने धाकटी चितेवर चढली. ग्रीक लेखकाने ही हकिकत नवलाने लिहून ठेवली आहे. मी ती येथे सांगतो ती एवढ्यासाठी की, सैन्याबरोबर बायका, मुले, सारा संसार चालत असे, हे त्यातून दिसते.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आजच्या इराणमधील गॅबिएनच्या खारवट माळावर दोन्ही फौजा पुन्हा समोरासमोर आल्या. डायोडोरस म्हणतो की रौप्यढालींतले सर्वांत तरुण साठीच्या आसपासचे होते आणि बहुतेक सत्तरीचे. लढाईपूर्वी अँटिजेनीसने एक घोडेस्वार शत्रूच्या मॅसिडोनियन रांगांपुढे पाठवला आणि त्याने ओरडून विचारले की, फिलिप आणि अलेक्झांडर यांच्याबरोबर ज्यांनी जग जिंकले त्या तुमच्या बापांवर तुम्ही शस्त्र धरता काय. मग ते म्हातारे चालून गेले आणि समोरची फॅलँक्स त्यांनी अक्षरशः चिरडली. ५,००० हून अधिक मारले आणि आपला एकही माणूस गमावला नाही, असे डायोडोरस लिहितो. हा आकडा मी जसाच्या तसा घेत नाही. या हकिकतींचे मूळ आहे इतिहासकार हायरोनिमस, तो युमेनीसच्याच गावचा, त्याच्याच पक्षाचा, आणि त्याच लढाईत जखमी होऊन अँटिगोनसच्या हाती लागलेला. सत्तरीच्या योद्ध्यांची अजिंक्य तुकडी आणि तिने केलेला घात, ही गोष्ट जितकी रंगेल तितके युमेनीसचे दुर्दैव उठून दिसते. वये आणि प्रेते या दोन्ही बाबतींत थोडी भर पडली असावी, असे मला वाटते. लढाईतले पायदळाचे यश मात्र कोणी नाकारलेले नाही.

आणि तरीही ती लढाई हातातून गेली. माळावरच्या बारीक खारट मातीचा घोड्यांच्या टापांनी असा धुरळा उडाला की थोड्या अंतरावरचेही दिसेना. त्या आडोशाने अँटिगोनसचे घोडेस्वार वळसा घालून युमेनीसच्या छावणीवर गेले आणि तिथले सारे सामान त्यांनी ताब्यात घेतले. सामान म्हणजे केवळ पोती आणि भांडी नव्हेत. त्यात सैनिकांच्या बायका होत्या, मुले होती आणि आयुष्यभरात साठवलेली लूट होती. ज्यांना घरी जायला पेन्शन नाही, जमीन नाही, ज्यांचे गाव सुटून वर्षानुवर्षे लोटली, त्यांचे गाव म्हणजे ती छावणीच होती. मराठीत सैन्यामागच्या या पसाऱ्याला बाजारबुणगे असा तयार शब्द आहे आणि तो आपण तुच्छतेने वापरतो. गॅबिएनला लढाईचा निकाल याच बाजारबुणग्यांनी लावला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लढू, शत्रूचे पायदळ मोडलेलेच आहे, असे युमेनीस सांगत होता, आणि निव्वळ लष्करी हिशोबाने तो बरोबर होता. पण रौप्यढालींच्या दृष्टीने बोलण्यासारखे काही उरले नव्हते. ट्युटॅमसने परस्पर अँटिगोनसकडे माणसे पाठवून सामान परत मागितले. अँटिगोनसने एकच अट घातली, आणि त्यांनी आपल्याच सेनापतीचे हात त्याच्याच कमरपट्ट्याने बांधून त्याला शत्रूच्या स्वाधीन केले. युमेनीस मारला गेला. ज्यांनी ही सेवा केली त्यांना अँटिगोनसने काय बक्षीस दिले, तेही वाचण्यासारखे आहे. अँटिजेनीसला खड्ड्यात घालून जिवंत जाळण्यात आले. तुकडीतल्या अतिशय बंडखोर लोकांना त्याने अॅराकोशियाचा, म्हणजे आजच्या कंदाहारकडच्या मुलखाचा सुभेदार सिबर्टियस याच्याकडे पाठवले. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कच्या म्हणण्याप्रमाणे हुकूम असा होता की, यांना हरप्रकारे संपवावे आणि यांतल्या एकालाही पुन्हा मॅसिडोनिया किंवा ग्रीक समुद्र दिसू नये.

ही सारी हकिकत ध्यानात ठेवून आता खेळातले युनिट पाहावे. त्याला हल्ल्याचा आकडा आहे, बचावाचा आहे, मनोधैर्याचा आहे. मनोधैर्य खचले की ते पळते, म्हणजे माणसाच्या मनाची खेळाला अगदीच दखल नाही असे नाही. पण पळणे आणि लढणे यांच्या पलीकडे त्या मनाला तिसरी वाट नाही. जिंकत गेले की युनिटाच्या चित्रावर आधी कांस्य, मग रौप्य, मग सुवर्ण फिती चढतात. घटलेली संख्या शहरात नेऊन पुन्हा पूर्ण करता येते. मोहिमेत सेनापती म्हातारे होतात, वयाने मरतात, त्यांची मुले त्यांच्या जागी येतात. मात्र साधा शिपाई पन्नास वर्षे मैदानात राहिला तरी त्याचा केसही पांढरा होत नाही. खजिना उणे झाला तर नवी भरती थांबते, पण जुन्यांपैकी कोणी पगारासाठी तंबू अडवून बसत नाही. वकील पाठवून, पैसे मोजून शत्रूची फौज फोडण्याची सोय खेळात आहे, आणि मी ती पुष्कळदा निर्लज्जपणे वापरली आहे. तिचा व्यवहार मात्र बाजारातल्या सौद्यासारखा, रक्कम दिली की झाले. सैनिकांना नेमके काय हवे आहे, हा प्रश्न कधी पडतच नाही. आणि मुख्य म्हणजे मैदानात दोन्ही फौजांच्या पाठीमागे मोकळे गवत असते. तेथे गाड्या नाहीत, बायकामुले नाहीत, चुली नाहीत. गॅबिएनची लढाई या खेळात मांडली तर युमेनीसचा पक्ष ती आरामात जिंकेल.

यावर लेखक म्हणतील, आणि ते योग्यच असेल, की खेळ करमणुकीसाठी आहे आणि आपल्याच सर्वोत्तम युनिटाने आपल्या सेनापतीला बांधून शत्रूच्या हवाली केले तर कोणता खेळाडू दुसऱ्या दिवशी खेळायला बसेल. मीही बहुधा बसणार नाही. याच खेळातल्या चुकांनी अस्वस्थ होऊन काही हौशी मंडळींनी ‘युरोपा बार्बरोरम’सारखे मोठे मॉड, म्हणजे खेळाची बदललेली आवृत्ती, उभे केले, शस्त्रांची, पोशाखांची, नावांचीसुद्धा कसून दुरुस्ती केली, त्या परिश्रमांबद्दल मला आदरच आहे. पण ढालीचा घेर अचूक करणे हे एक काम झाले, आणि ढाल धरणाऱ्याची मर्जी खेळात आणणे हे दुसरे. त्याची सुरुवात फार मोठी असायलाही नको. प्रत्येक फौजेच्या मागे मैदानात सामानाच्या काही गाड्या ठेवाव्यात. त्या शत्रूने पळवल्या तर लढाईचा निकाल काहीही लागो, जितक्या जास्त फिती तितके ते युनिट पुढच्या टर्नमध्ये (पाळीत) अधिक अवघड होऊन बसावे. नवख्या शिपायांकडे गमावण्यासारखे थोडे असते. कसलेल्यांकडे पुष्कळ असते, हे त्यातून आपोआप दिसेल, आणि घोडदळाचे एखादे पथक सामानापाशी मागे ठेवावे की नाही, हा खऱ्या सेनापतींना पडणारा पेच खेळाडूलाही पडेल.

तोवर लेखकाला एक सुचवावेसे वाटते. खेळात नको असलेले युनिट बरखास्त करण्याची सोय आहे. रानात असताना बरखास्त केले तर माणसे नुसतीच नाहीशी होतात, पण शहरात असताना केले तर तितकी माणसे त्या शहराच्या लोकसंख्येत जमा होतात. सुवर्णफितीच्या सिल्व्हर शील्डना मोहिमेच्या शेवटी मी नेहमी समुद्रकाठच्या एखाद्या शहरात नेतो आणि ते बटण दाबतो.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक